नानीची विजेरी

आमच्या घरी विजेरीला कोणी विजेरी म्हणत नाही. अम्मी ‘टॉर्च’ म्हणते. मामू ‘बॅटरी’ म्हणतात. ‘विजेरी’ हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात शिकले. मला तो आवडला, म्हणून मी तोच वापरते.

आम्ही नवी मुंबईत नेरूळला राहतो. सिडकोच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचे दोन खोल्यांचे घर आहे. नानी आमच्याजवळच असते. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. या आजारात हळूहळू पाय बधिर होतात. खडा टोचला तरी कळत नाही, चप्पल लागली तरी कळत नाही. म्हणून डॉक्टरबाईंनी सांगितले होते, “रोज रात्री यांचे पाय पाहा. तळवा पाहा, बोटांच्या मधली जागा पाहा. कोठे लाल दिसले तर लगेच घेऊन या.”

हे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा अकरावीत होते. जेवणे झाली की नानी पलंगावर पाय सोडून बसे आणि मी खाली बसून तिचे पाय पाही. खोलीतला दिवा माझ्या पाठीमागे होता. त्यामुळे माझीच सावली तिच्या पायांवर पडे. मग मी किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेली छोटी विजेरी घेई. ती रेल्वे स्थानकाबाहेर 30 रुपयांना घेतली होती. तिचा उजेड पांढराशुभ्र, किंचित निळसर होता. मला वाटे, किती छान उजेड आहे!

फेब्रुवारीचा महिना होता. एका शनिवारी नानीला नेहमीच्या तपासणीसाठी दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी तिचा पाय खिडकीकडे वळवला आणि त्या गप्प झाल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्या मध्ये कातडी सोलली होती. भोवती लाली पसरली होती.

“हे किती दिवसांपासून आहे?” त्यांनी विचारले.

“काल तर नव्हते,” मी म्हणाले. “मी रोज पाहते.”

“ही एका दिवसाची लाली नाही, बेटा. तीन-चार दिवस तरी झाले असतील. आणखी आठ दिवस गेले असते तर बोट राहिले असते की नाही, सांगता येत नाही.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. नानी मात्र माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. जणू जखम मलाच झाली होती!

त्या रात्री मी पुन्हा तिचा पाय पाहिला. माझ्या विजेरीच्या उजेडात ती लाली दिसतच नव्हती. कातडी नुसती करडी, मळकट दिसत होती. मग मी नानीला खिडकीजवळच्या ट्यूबलाइटखाली बसवले. तेथे थोडी दिसली. सकाळी उन्हात पाहिले, तर डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल! सगळा दोष विजेरीचा होता, असे मी म्हणणार नाही. परीक्षा जवळ आली होती आणि मी घाईत पाहत होते, हे मला ठाऊक आहे. पण जे दिसतच नाही, ते निवांत पाहून तरी कसे दिसणार?

सोमवारी मी आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारले. त्यांनी फळ्यावर इंद्रधनुष्य काढले. सूर्याच्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग असतात. वस्तू आपल्या जवळचा रंग देत नाही. तिच्यावर पडलेल्या उजेडातला जो रंग ती परत पाठवते, तोच आपल्याला दिसतो. उजेडात लाल नसेल तर टोमॅटो तरी लाल कोठून आणणार?

विजेरीतला एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळसर लेप असतो. निळ्या उजेडाचा काही भाग हा लेप पिवळा करतो. निळा आणि पिवळा मिसळले की आपल्या डोळ्याला पांढरे वाटते. (असा तेजस्वी निळा दिवा बनवणे फार अवघड होते. त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले.) पण स्वस्त एलईडीच्या लेपातून लाल रंग फारच थोडा बाहेर येतो. उजेड पांढरा दिसतो, आणि आत लाल जवळजवळ नसतोच!

“म्हणजे हा उजेड फसवतो,” मी म्हणाले.

“फसवत नाही. त्याला गुण कमी आहेत,” सर हसून म्हणाले.

दिवा रंग किती खरे दाखवतो, याला खरोखरच गुण देतात. त्यांना सी. आर. आय. म्हणतात. पैकीच्या पैकी म्हणजे 100. तारेच्या जुन्या बल्बला जवळजवळ 100 गुण मिळतात. साध्या एलईडी विजेरीला 70च्या आसपास मिळतात. 90च्या वर असतील तर उत्तम. त्यातही एक गंमत आहे. हे गुण आठ फिकट रंगांवरून काढतात आणि गडद लाल त्या आठांत नाही. त्याचे गुण वेगळे मोजतात. मला तर नेमका तोच विषय हवा होता.

आता विजेरी शोधायची होती. मी एका कागदावर लिहिले : लाल रंग खरा दिसावा. मुठीत मावावी. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळावेत. नानीला स्वतःला लावता यावी, म्हणून बटण एकच असावे. आणि 300 रुपयांपेक्षा महाग नसावी. शेवटची अट अम्मीची होती.

अम्मी घरी शिवणकाम करते. तिच्या डब्यातून मी पाच रिळे घेतली : लाल, डाळिंबी, चॉकलेटी, विटकरी आणि गुलाबी. वाशीच्या दोन दुकानांत गेले. खोक्यावर उजेड किती, तो किती दूर जातो, पाण्यात चालते की नाही, सगळे छापलेले होते. सी. आर. आय. मात्र एकावरही नव्हता. मी टेबलाखालच्या अंधारात रिळे धरून विजेरी लावून पाहू लागले. एक दुकानदार म्हणाला, “ताई, विजेरी घ्यायची आहे की दोरा?” त्याच्याकडच्या सगळ्या विजेऱ्यांत माझे डाळिंबी आणि चॉकलेटी रीळ सख्ख्या बहिणींसारखे दिसत होते. शिवाय एकेका विजेरीचे बटण चार वेळा दाबावे लागे. एकदा दाबले की मोठा उजेड, मग लहान, मग उघडझाप. नानीला ही उघडझाप कशाला?

रविवारी मामूंबरोबर मुंबईला गेले. खाडीवरचा हा रेल्वेमार्ग 1992 साली वाशीपर्यंत आला. त्याआधी मुंबईला जायचे तर बसच धरावी लागे, असे मामू दरवेळी पुलावर सांगतात. त्या दिवशीही त्यांनी सांगितले. ओहोटी होती. दूर चिखलात रोहित पक्षी उभे होते, सकाळच्या उन्हात गुलाबी. हेच पक्षी मी नेरूळच्या पाणथळीत संध्याकाळी पाहिले आहेत. सूर्य बुडाला की ते पाहता पाहता राखाडी होतात. उजेड फार कमी झाला की आपल्या डोळ्यालाच रंग ओळखता येत नाहीत. म्हणजे विजेरी अगदी मंद असूनही चालणार नव्हते.

रविवार असल्यामुळे लोहार चाळीतली बरीच दुकाने बंद होती, हे आम्हां दोघांच्याही लक्षात आले नव्हते! जी उघडी होती, त्यांपैकी एका ठिकाणी पिवळसर उजेडाची विजेरी मिळाली. मी खूश झाले. पण रिळे पाहिली तर डाळिंबी पुन्हा चॉकलेटीच. मामूंनी तिचे झाकण फिरवून काढले. काच पिवळ्या प्लॅस्टिकची होती, दिवा आत तोच निळसर. उजेडात जे नाही, ते रंगीत काच कोठून आणणार?

मी रडकुंडीला आले होते. तेव्हा मामूंनीच विचारले, “तुमच्या डॉक्टरबाई घसा कशाने पाहतात?”

प्रिन्सेस स्ट्रीट तेथून जवळच आहे. तेथे औषधांची आणि दवाखान्याच्या सामानाची दुकाने आहेत. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. दुकानातल्या काकांनी पेनासारख्या दोन विजेऱ्या काढल्या. एकीत पांढरा एलईडी होता. दुसरीत तारेचा इवलासा बल्ब होता. मी दुसरी लावली. पाचही रिळे वेगवेगळी दिसली! मग मी माझ्या तळहातावर उजेड टाकला. तळहात गुलाबी दिसला, बोटांची टोके लालसर. त्या क्षणी मला पाचशे रुपये मागितले असते, तरी मी दिले असते. काकांनी 180 सांगितले.

“पण ही सेल जास्त खाते, हं,” ते म्हणाले. “आणि सेल उतरला की उजेड तांबूस होतो. तेव्हा सगळेच लाल दिसेल.”

त्यांनी हे आधीच सांगितले, हे मला फार आवडले. विजेरीत रिमोटमध्ये घालतात तसे दोन बारीक सेल लागतात. मी ते दर महिन्याच्या एक तारखेला बदलते आणि जुने घड्याळात घालते.

नानीची जखम भरायला सहा आठवडे लागले. बोट वाचले. डॉक्टरबाईंनी आणखी एक युक्ती शिकवली : पाहून झाल्यावर हाताची मागची बाजू पायावर ठेवायची. एखादी जागा गरम लागली, तर उजेड काहीही म्हणो, संशय घ्यायचा. ती चौकशी मी आता रोज करते.

विजेरी नानीच्या उशीखाली असते. पहिले काही दिवस ती लावायला घाबरत होती. आता तांदूळ निवडताना लावते, सुईत दोरा ओवताना लावते. परवा रात्री मी उशिरापर्यंत अभ्यास करत होते. अचानक माझ्या चेहऱ्यावर उजेड पडला.

“तुझे डोळे लाल झालेत,” नानी पलंगावरून म्हणाली. “चांगले दिसते मला. पुस्तक ठेव आणि झोप.”