तेवढ्यापुरते

संयुक्त महाराष्ट्राचा विषय निघाला की आपण हुतात्म्यांबद्दल बोलतो, अत्र्यांच्या सभांबद्दल बोलतो. मला कुतूहल वाटतं ते समितीच्या बैठकांचं. 1956 च्या फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात डांग्यांचे कम्युनिस्ट होते, एस. एम. जोशींचे प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होतं. शिवाय जनसंघ आणि हिंदुमहासभेचीही माणसं होती. त्याच वर्षी रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. त्यावर समाजवाद्यांचं आणि कम्युनिस्टांचं एकमत होणं शक्यच नव्हतं. तरी 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात याच मंडळींनी मिळून काँग्रेसला पाणी पाजलं.

त्यांचं जमलं, ते एकमेकांची मतं पटली म्हणून नव्हे. मागणी एका ओळीची होती: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. ती मान्य झाली की नाही, हे शाळकरी पोरालाही नकाशावर बोट ठेवून सांगता आलं असतं. बाकी देव, धर्म, मार्क्स ज्याचे त्याच्यापाशी.

असंच काहीसं आमच्या गावातही दिसतं. तिथे दोन गट आहेत. सरपंचपदापासून जत्रेतल्या तमाशापर्यंत त्यांचं कशावर म्हणून जुळत नाही. माझे मामा एका गटाचे, आणि माझी मतं त्यांना मुळीच मानवत नाहीत. पण सकाळी दूध संस्थेच्या खिडकीपुढे दोन्ही गटांच्या किटल्या एकाच रांगेत असतात. पूर्वी तिथेही धुसफूस चाले. सचिव आपल्या माणसाला फॅट चढवून देतो, असा दुसऱ्या गटाचा कायमचा संशय. मग फॅटचं मशीन आलं आणि त्याचा आकडा खिडकीबाहेरच्या माणसाला दिसेल असा लावला. आता नमुना घेतला जातो, आकडा उमटतो, दोघे-तिघे मान उंचावून बघतात, पावती हातात पडते. रांगेत मामांच्या मागे त्यांचा कट्टर विरोधक उभा असतो. "आज फॅट पडली वाटतं," तो म्हणतो. "पावसाचा चारा, दुसरं काय," मामा म्हणतात. राजकारणावर अक्षर नाही. पण दूध थंड ठेवायला बल्क कूलर हवा, म्हणून दोघे तालुक्याला गेले ते एकाच जीपमधून.

हे पाहिल्यापासून कुणाचं मन वळवायचा माझा सोस कमी झाला. मतांच्या मुळाशी घराणं असतं, जात असते, सोसलेलं असतं. चहाच्या एका कपावर ते हलत नाही. त्यापेक्षा दोघांनाही हवी असलेली एखादी गोष्ट शोधावी, आणि ती मोजायचं माप दोघांनाही मान्य असावं. माप एकाच्याच हातात राहिलं तर दुसरा रांगेत उभा राहतो खरा, पण नाइलाजाने.

यात एक काटा आहे. मतभेद बाजूला ठेवा म्हणणं सोपं असतं, पण बाजूला ठेवायचं ओझं सगळ्यांचं सारखं नसतं. एकाला आपलं एखादं तत्त्व थोडं आवरावं लागतं. दुसऱ्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान गिळावा लागतो. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड समितीच्या लढ्यात होते, आणि त्याच काळात, 1959 मध्ये, त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रहही उभा केला. समितीसाठी आपला प्रश्न त्यांनी गुंडाळून ठेवला नाही. एकत्र येण्याची ही रीत मला सर्वांत सरळ वाटते. सोबत्याने त्याचं भांडण सोडावं ही अट न घालता त्याच्याबरोबर चालायचं.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि समिती पांगली. पुष्कळांना त्याची हळहळ वाटते. मला नाही वाटत. काम तडीला गेल्यावर त्या मंडळींनी पुन्हा एकमेकांविरुद्ध उभं राहणं स्वाभाविकच होतं. मन जुळेपर्यंत थांबले असते, तर मुंबईही हाती लागली नसती.