रेस दिली तरी न वाढणारा आवाज

‘सर, हा आवाज नॉर्मल आहे.’ हे वाक्य मला टॅपेट सेटिंगचं बिल भरून झाल्यावर ऐकवण्यात आलं. आधी ऐकवलं असतं तर मी मुकाट्याने घरी गेलो असतो. पैसे घेऊन झाल्यावर नॉर्मल! अजून ते डोक्यातून जात नाही.

गाडी पेट्रोलची, मध्यम वयाची. राहतो यवतमाळला, नोकरी आर्णीला. नागपूर-तुळजापूर हायवेवरून रोजचं चाळीसेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. एप्रिल लागला, ऊन चव्वेचाळीसच्या घरात गेलं आणि बोनेटखालून टक-टक-टक सुरू झालं. सकाळी निघताना काही नाही. इंजिन तापलं, गाडी कुठे उभी राहिली, की सुरू. मित्रांनी आपापल्या परीने निदानं केली. एकाने बॅटरी सांगितली, पण बॅटरी उतरली की टकटक होते ती स्टार्टर मारताना, चालत्या इंजिनात नाही. दुसऱ्याने एसीच्या कॉम्प्रेसरवर बोट ठेवलं. एसी बंद करून पाहिला, आवाज होता तसाच.

एक गोष्ट मात्र मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. रेस दिली तरी टकटकीचा वेग वाढत नाही. गुरुदेव भजन मंडळात इतकी वर्षं खंजेरी वाजवतो आहे, लय चढली की नाही एवढं तरी मला कळतं. इंजिन गुरगुरत वर जायचं आणि हा बाबा आपल्या ठेक्यात तसाच.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. नाव सांगत नाही. काचेचं ऑफिस, एसी, कागदी कपात चहा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणजे पंचविशीतला पोरगा, बोलायला गोड. त्याला सगळं सांगितलं. गरम झाल्यावर येतो, उभ्या गाडीत येतो, रेस दिली तरी वाढत नाही. तो मान हलवत टाइप करत होता. जॉब कार्डवर सही करायला घेतलं तेव्हा तिथे दोनच शब्द होते, ‘इंजिन नॉइज’. म्हटलं, बाकीचं? तो म्हणाला, ‘सर, सिस्टिममध्ये एवढाच ऑप्शन आहे.’

या दोन शब्दांवर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिथून निघाला. आतल्या मेकॅनिकला मी दिसलोच नाही, दिसला तो कागद. ‘इंजिन नॉइज’ वाचल्यावर कोणीही आधी टॅपेटच म्हणेल. पण टॅपेटचा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला असतो. आयडलला इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह 400 वेळा उघडतो, रेस देऊन 2400 केले की 1200 वेळा. म्हणजे टॅपेट वाजत असेल तर रेसबरोबर टकटक वाढलीच पाहिजे. माझी वाढत नव्हती. हे एक वाक्य त्या कागदावर असतं तर टॅपेट कव्हर उघडायचं कारणच नव्हतं. शिवाय गाडी रात्रभर थंड झालेली. सकाळी तिथे तो आवाज आलाही नसेल. न ऐकलेल्या आवाजावर यांनी इलाज केला.

संध्याकाळी बिल आलं. ऑइल, फिल्टर, इंजिन फ्लश, टॅपेट सेटिंग, लेबर आणि लेबरवर 18 टक्के जीएसटी. साडेचार हजारांच्या वर. दुसऱ्या दिवशी आर्णीत पोचलो, गाडी उभी केली, टक-टक-टक.

परत गेलो. या वेळी गरम गाडी घेऊन गेलो, बोनेट उघडून आवाज ऐकवला. फोरमन आला, कान लावला आणि म्हणाला, ‘हेड खोलून पाहावं लागेल.’ खर्च विचारला. आकडा ऐकून मी गप्प झालो. माझा चेहरा पाहून अ‍ॅडव्हायझर म्हणाला, ‘तसा हा आवाज नॉर्मल आहे सर, चालवा बिनधास्त. नाहीतर एकदा नागपूरला दाखवा.’ हेड खोलायच्या लायकीचा आवाज मिनिटाभरात नॉर्मल कसा होतो, हे मी त्याला विचारलं. उत्तर आलं नाही. आणि ते नागपूर! आमच्या जिल्ह्यात माणूस आजारी पडो की मशीन, शेवटी नागपूरला दाखवा.

आर्णीत एका लिंबाखाली एकाचं गॅरेज आहे. टिनाचं शेड, बाजूला वेल्डिंगवाला. तिथे जाण्यामागे फार विचार नव्हता, टायरची हवा पाहायला थांबलो होतो. आवाज ऐकून तो स्वतःच उठून आला. पहिला प्रश्न विचारला, ‘रेस देल्यावर वाढते का जी?’

इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होता.

त्याने लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक टॅपेट कव्हरवर, मूठ कानाच्या हाडाला. मान हलवली, नाही. मग टोक इंजेक्टरजवळ, मग मागच्या बाजूला. तिथे काड्यापेटीएवढी एक काळी प्लास्टिकची डबी होती, दोन नळ्या आणि एक वायर लागलेली. ती त्याने चिमटीत धरली. आवाज दबला. सोडली, पुन्हा टकटक. कनेक्टर उपसला, सगळं शांत. मला म्हणाला, ‘हात लावून पाहा.’ कनेक्टर परत बसवल्यावर बोटांच्या टोकांना ती डबी धडधडताना लागली.

तो पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठवतात आणि इंजिन तापल्यावर हा व्हॉल्व्ह उघडझाप करत ती वाफ इंजिनात सोडतो. उघडझाप गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो, म्हणून ठेका इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढत नाही. उन्हाळ्यात वाफ जास्त, म्हणून काम जास्त. उस्ताद म्हणाला, ‘हे त्याचं कामच हाय जी. खालचं रबर निसटलं, लोखंडाले लागून बोंबलून राह्यलं.’ जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, खाली सारला, वरून टाय मारला. पन्नास रुपये घेतले.

म्हणजे ‘नॉर्मल’ हे अर्धं खरंच होतं की! याचाच मला जास्त राग आला.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज गावभर सांगत फिरलो असतो की वर्कशॉप सगळी चोर आणि झाडाखालचा मिस्तरी खरा. पण चालू गाडीत कनेक्टर उपसल्यामुळे मीटरमध्ये पिवळा दिवा लागला होता. उस्ताद म्हणाला, जाईल आपोआप. तो काही जाईना. त्याच्याकडे स्कॅनर नाही. शेवटी त्याच काचेच्या ऑफिसात जाऊन पैसे देऊन तो दिवा घालवला. त्याच पोराने स्क्रीन पाहून विचारलं, ‘पर्ज व्हॉल्व्हचा कनेक्टर कोणी काढला होता का? इग्निशन चालू असताना काढू नये सर.’ बरोबर बोलला.

सांगायचंच झालं तर एवढं सांगेन. आवाजाची तक्रार असेल तर गाडी गरम करून न्या, मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा आणि रेसबरोबर आवाज वाढतो की नाही हे पेनने जॉब कार्डवर लिहूनच सही करा. सिस्टिममध्ये ऑप्शन नसला तरी कागदाला समास असतो.

पुढची सर्व्हिस दिवाळीआधी आहे आणि ती मी तिथेच करणार, कारण इन्शुरन्सचं काम निघालं की पक्कं बिल लागतं. टॅपेटचं म्हणाल तर माझ्या गाडीच्या पुस्तिकेतही ठराविक किलोमीटरनंतर ते तपासायला सांगितलेलं आहे, आणि माझे तेवढे झालेच होते. काम वाया गेलं नाही, हे मला पटतं. ते पैसे मात्र मी अजून बुडीत खात्यातच धरतो.