बंड्याच्या स्पीडने वेताळ टेकडी

रविवार, सकाळचे साडेसहा. पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडी चढायला लागलो आणि दुसऱ्याच मिनिटाला झुडपातून मोर ओरडला. बंड्या सुसाट! बंड्या म्हणजे आमचा लॅब्राडॉर. वय ४ महिने, वजन १५ किलो. मी गुडघ्यावर आपटले आणि रागाच्या भरात पट्टा हिसडला. तो केकाटला, मग मोरबिर विसरून नुसता माझ्याकडे बघत बसला. ती नजर दिवसभर पाठ सोडेना.

खाली उतरणाऱ्या एका काकांनी टोकलं, "वर्षभरात तीस किलोचा होईल तो. तेव्हा काय ताकदीने ओढणार?" पॉइंट होता!

पुढच्या रविवारी गळपट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस आणि खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. (पट्टा हाताला गुंडाळू नका, बोटं जातील.) नियम एकच. पट्टा ताणला, की मी पुतळा. सैल सोडून तो गुडघ्याशी आला, की 'शाब्बास', एक तुकडा आणि चलो! पहिल्या वळणापर्यंत कितीदा पुतळा झाले, मोजलं नाही. जॉगर्सची मात्र करमणूक झाली.

वेताळाच्या देवळापर्यंत जायचा हट्ट सध्या सोडलाय. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं वर्ष-दीड वर्ष वाढत असतात, एवढी चढण त्यांना नकोच. पंधरा-वीस मिनिटं फिरायचं आणि ऊन तापायच्या आत घरी.

परवा पुन्हा मोर ओरडला. बंड्याचे कान टवकारले, पट्टा ताठ. मी थांबले. त्याने एकदा झुडपाकडे पाहिलं, एकदा माझ्या खिशाकडे. आणि आला की खिशाकडे!