मंडपाचे बिल

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला जमाखर्चापलीकडचे काही दिसत नाही, असे आमचे कला शाखेचे मित्र नेहमी म्हणतात. या लेखापुरते मी ते मान्य करतो. कारण मला जे सांगायचे आहे ते एका बिलाविषयीच आहे, आणि ते बिल मी स्वतः लिहिलेले आहे.

आमचे घर पेडणे तालुक्यात. बाबांचा मंडप, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचा धंदा. जत्रा, लग्ने, गणपती, आणि पाच वर्षांतून एकदा विधानसभा. १४ फेब्रुवारी २०२२ च्या मतदानापूर्वी करोनामुळे आयोगाने मोठ्या सभांवर बंधने घातली होती. पण त्यामुळे खुर्च्या घरी राहिल्या असे कुणी समजू नये. वाड्यावाड्यांवर लहान बैठका सुरू झाल्या आणि आमचा टेंपो रात्री अकरा-अकरा वाजता परत येऊ लागला. एका उमेदवाराकडचे काम एक लाख चौऱ्याऐंशी हजारांचे झाले. त्याचा माणूस घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "बिल चौसष्टचे करा. बाकीचे हातात मिळतील."

मी तेव्हा अकरावीत होतो. बाबांनी बिलबुक माझ्यापुढे सरकवले. "तूं शिकलोलो मरे, तूंच बरय." मी लिहिले. अक्षर चांगले आले होते.

त्या आकड्यामागचे कारण मला पुढे कळले. गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला तेव्हा २८ लाखांपर्यंतच खर्च करता येत होता. त्यासाठी त्याला एक नोंदवही ठेवावी लागते: रोजच्या खर्चाची पाने पांढरी, रोकडीची गुलाबी, बँकेची पिवळी. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब सादर करायचा. खुर्चीचे, चहाचे, मंडपाचे दरसुद्धा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. इतकी सुबक हिशेबपद्धती आमच्या पाठ्यपुस्तकातही नाही. मात्र पक्षाने स्वतःच्या प्रचारावर किती खर्च करावा, याला मर्यादाच नाही. १९७४ साली कंवरलाल गुप्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरला, तेव्हा सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो पुन्हा बाहेर काढला.

हाती मिळायच्या एक लाख वीस हजारांपैकी ऐंशी हजार मतदानाआधी आले. चाळीस हजार आजतागायत आलेले नाहीत. मागायला जावे तर कागद कुठे आहे? धनको आम्ही, आणि आमच्याच वहीत ऋणको नाही!

२०२४ च्या पावसाळ्यात गावी आलो असता डिचोलीच्या मामांबरोबर पर्वरीला विधानसभेच्या प्रेक्षक सज्जात बसलो. मामांचा ट्रक २०१२ साली खाणी बंद पडल्यापासून बहुतेक उभाच. त्यामुळे त्यांना अशा गोष्टींसाठी सवड असते. अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा चालली होती. नळ, खांब, रस्ता, शाळेचे छप्पर. सरकारी हिशेबात निवडणुकांचे मुख्य लेखाशीर्ष २०१५ हे आहे. यंत्रे, शाई, कर्मचाऱ्यांचा भत्ता त्यातून भागतो. पण ज्या पैशाने ही माणसे या सभागृहात पोचली, तो कुठल्या शीर्षाखाली येतो? त्यावर कपातसूचना द्यायलाही जागा नाही.

जागा नाही असे म्हणणे तितकेसे खरे नव्हे. राजकीय पक्षांच्या उत्पन्नाला आयकर कायद्याने सूट दिली, ती १९७९ पासून. माफ केलेला कर हा खर्चच असतो, एवढे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. निवडणूक रोखेसुद्धा अर्थसंकल्पातूनच आले. १ फेब्रुवारी २०१७ च्या भाषणात घोषणा झाली. कंपनीने सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांहून अधिक देणगी देऊ नये हा निर्बंध त्याच वित्त विधेयकाने गेला. ते धनविधेयक असल्याने राज्यसभेच्या दुरुस्त्या लोकसभेने सरळ फेटाळल्या. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने रोखे घटनाबाह्य ठरवले आणि मार्चमध्ये यादी बाहेर आली. तीत वेदांत कंपनीच्या नावावर सुमारे ४०० कोटी होते. डिचोलीचा खाणपट्टा लिलावात याच कंपनीकडे गेला, डिसेंबर २०२२ मध्ये. या दोहोंचा संबंध आहे असे मी म्हणत नाही. माझ्यापाशी तसा पुरावा नाही. मामा मात्र यादी वाचून बराच वेळ गप्प बसले.

मग सरकारनेच प्रचाराचा खर्च करावा काय? १९९८ साली इंद्रजित गुप्त समितीने हेच सुचवले. डॉ. मनमोहनसिंग आणि आपले मधुकर सरपोतदार तीत सभासद होते. रोख नको, वस्तू द्या, असे समितीचे म्हणणे: इंधन, कागद, टपाल तिकिटे, ध्वनिक्षेपक. ध्वनिक्षेपक हा शब्द वाचून मी थांबलो. म्हणजे बाबांचे पैसे सरकारी तिजोरीतून, रीतसर व्हाऊचरवर! केंद्राने मतदारामागे दहा रुपये वर्षाला द्यावेत आणि राज्यांनी मिळून तेवढेच घालावेत, असा हिशेब होता. गोव्याचे मतदार सुमारे साडेअकरा लाख. राज्याचा वाटा वर्षाला सव्वा कोटीच्या आत, आणि राज्याचा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या घरात. पैसा ही अडचण नाहीच. दोन्ही वाटे मिळून एका मतदारसंघाला पाच वर्षांत पावणेएकोणतीस लाख येतात. कागदोपत्री एकाच उमेदवाराची मर्यादा.

पण मदत फक्त मान्यताप्राप्त पक्षांना. मामांनी येथेच मला पकडले. डिचोलीत २०२२ साली डॉ. चंद्रकांत शेट्ये अपक्ष निवडून आले. लोकांनी ज्याला निवडले त्याला या योजनेत एक कर्णाही मिळाला नसता. याला उत्तर मला अजून सापडलेले नाही.

वसतिगृहातला माझा सोबती याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. कन्नडात अर्थसंकल्पाला 'आयव्यय' म्हणतात. माझी हकीकत ऐकून तो म्हणाला, "तू व्यय सांगितलास. आय कुठली?" ते ऐंशी हजार कुठून आले, हे मला कधी विचारावेसेच वाटले नव्हते. आणि तिजोरीचे पैसे आले, तरी त्यांच्यावर हाती मिळणारे येणार नाहीत असे थोडेच आहे? चौथ्या रंगाची पाने सरकार छापील. पाचव्या प्रकारचे बिल तर माझ्यासारखाच कुणी लिहितो.

२०२७ ची निवडणूक जवळ येत आहे. दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांनी नवी बिलबुके छापून आणली होती, शंभर पानांची, कार्बनसकट. जुन्या बुकातले चौसष्ट हजारांचे स्थळप्रत पान मी काढून पाहिले. कार्बन फिकट झाला आहे, आकडा वाचता येतो. "फेब्रुवारीत परीक्षा नाही ना तुझी?" बाबांनी विचारले. त्या वर्षीचे वेळापत्रक अजून लागलेले नाही, असे मी सांगितले.