पिंगळ्याचं पिल्लू आणि अवांतर गप्पा

आमचा पक्षिनिरीक्षणाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप २०१७ साली सुरू झाला. जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीच्या इस्टेटमधले आणि आसपासचे आम्ही सतरा जण. निम्मे मराठी, निम्मे हिंदी बोलणारे. रविवारी डुमन्याला नाहीतर परियटच्या तलावावर जायचं आणि काय दिसलं ते लिहायचं, एवढंच काम. जूनमध्ये नवरंगाची शीळ पहिल्यांदा कोण ऐकतं, याची चुरस असायची.

पुढे माणसं वाढली, तशा इतर गप्पाही वाढल्या. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तर पक्षी मागेच पडले. कुठे बेड रिकामा आहे, ऑक्सिजनचा सिलिंडर कुणाकडे आहे, हेच चालायचं. माझ्या भावाला सिलिंडर याच ग्रुपमुळे मिळाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला आयुध निर्माणी बोर्ड गेलं आणि आमची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आली. पेन्शनचं काय, डेप्युटेशन म्हणजे नेमकं काय, यावर रात्री उशिरापर्यंत मेसेज यायचे. मी अ‍ॅडमिन होतो, पण कुणाला थांबवलं नाही. मलाही तीच काळजी होती.

मार्च २०२२ मध्ये एका सकाळी पावणेआठला नवीन आलेल्या एका ताईंनी फोटो टाकला. क्वार्टरमागच्या झाडाच्या ढोलीतून पिंगळ्याचं पिल्लू पडलं होतं. काय करू, असं त्यांनी विचारलं होतं. मी तो मेसेज अकरा वाजता पाहिला. त्यानंतर शंभरावर मेसेज येऊन गेले होते. शुभ सकाळ, एक लग्नपत्रिका आणि महागाई भत्ता. उत्तर एकही नव्हतं. तोवर शेजारच्या कुणीतरी ड्रॉपरने पिल्लाला दूध पाजलं होतं. दुपारी ते गेलं.

मला फार लागलं. त्याच रात्री मी सेटिंग बदललं. फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं, बाकीच्यांनी फोटो मला पाठवायचे. पहिल्या आठवड्यात चार फोटो आले, दुसऱ्यात एकही नाही. रविवारी डुमन्याला आम्ही तिघेच होतो. एक काका म्हणाले, "अरे, गप्पांसाठी लोक ग्रुप उघडायचे, म्हणून पक्षीही बघायचे. तू दारच लावून घेतलंस." त्यांचं खरं होतं. माझी चूक झाली होती.

वाट मराठी संकेतस्थळांनी दाखवली. मायबोलीवर गप्पांसाठी वेगळी, वाहती पानं असतात. जुना मजकूर तिथे जपला जात नाही. मिसळपाववर लोक विषय सोडून काही लिहायचं असेल तर आधी 'अवांतर' असं लिहितात. आम्ही दोन्ही उचललं. कुलूप काढलं. गप्पांसाठी दुसरा ग्रुप केला, त्याचं नाव अवांतर. मुख्य ग्रुपवर कुणी चुकून भत्त्याचा विषय काढला, तर ओरडायचं नाही. फक्त 'अवांतर' एवढंच लिहायचं. मदत हवी असेल तर पहिला शब्द 'मदत' आणि सोबत फोन नंबर. असा मेसेज दिसला की बाकी सगळं थांबवायचं.

ग्रुपच्या माहितीत चार ओळी कायमच्या लिहून ठेवल्या: पडलेल्या पिल्लाला दूध किंवा पाणी पाजू नका. जखम नसेल तर त्याच झाडावर, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. आईबाप बहुधा येतात. जखम असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनविभागाला फोन करा.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा पिंगळ्याचं पिल्लू पडलं. 'मदत' लिहिल्यावर सात मिनिटांत उत्तर आलं. टोपलीत जुनं फडकं घालून ती फांदीला बांधली. अंधार पडल्यावर आई आली. पहिलं उत्तर ज्या काकूंनी दिलं, त्या तेव्हा अवांतर ग्रुपवर साबुदाण्याच्या पापड्यांचं प्रमाण सांगत होत्या. म्हणून तर फोन त्यांच्या हातात होता.