टाळू

“डोळे मीट आणि नुसता हात फिरव,” सर म्हणाले.

पुण्यात पुरातत्त्व शिकत होते तेव्हाची गोष्ट. टेबलावर कवटीची प्रतिकृती होती. बोटं आधी चेहऱ्यावर गेली. भुवयांची हाडं जाड, पण चेहरा आखूड, डोक्याखाली नीट बसलेला, अगदी आपल्यासारखा. मग तळहात कपाळावरून मागे सरकला आणि थबकला. कपाळ वर चढेचना. डोकं बसकं, मागे लांबत गेलेलं.

“दोन वेगळ्या कवट्या जोडल्यात का?”

“नाही. एकाच माणसाची आहे.”

मोरोक्कोतल्या जबल इरहूदची ती कवटी. १९६१ साली बराइटच्या खाणीत सापडली. कितीतरी वर्षं ती जेमतेम ४० हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथलची समजत. पुढे ज्याँ-जाक युब्लँ आणि अब्दलवाहेद बेन-न्सर यांच्या पथकाने तिथे पुन्हा उत्खनन केलं. आणखी हाडं मिळाली आणि आगीत भाजलेली गारेची हत्यारंही. गार तापली की तिच्यात साठलेली ऊर्जा निघून जाते आणि पुन्हा शून्यापासून साठू लागते. ती मोजून २०१७ साली वय जाहीर झालं: सुमारे ३ लाख १५ हजार वर्षं. ही माणसं आपल्याच वंशातली, होमो सेपियन्स, असं पथकाचं म्हणणं.

तोवर माझ्या मनातला ‘पहिला माणूस’ एका जागी, एके दिवशी पूर्ण घडून उभा राहिला होता. त्या दुपारी तो मोडला. चेहरा आधी घडला होता. मेंदूही आपल्याएवढाच झाला होता. त्याची गोल ठेवण मात्र सावकाश येत राहिली आणि आजच्यासारखी झाली ती गेल्या लाखभर वर्षांत.

दिवाळीत घरी गेले, तर आई ताईच्या तान्ह्या लेकीची टाळू भरत होती. “डोकं कसं गोल व्हायला हवं,” असं म्हणत तेल जिरवत होती. मी वाचलेलं आठवलं: जन्मतः आपल्या आणि निअँडरथलच्या बाळाच्या मेंदूची ठेवण सारखीच लांबट. पहिल्या वर्षात आपला मेंदू वाढता वाढता गोलावतो, त्यांचा लांबटच राहायचा. म्हणजे ती गोलाई तेलाची नव्हे, आतून येते.

आईला हे सांगितलं. तिने माझं बोट धरून अलगद टाळूवर टेकवलं. कोमट तेलाखाली टाळू उडत होती. इतक्या लाख वर्षांचं काम माझ्या बोटाखाली अजून चालू होतं.