दुसरी प्रत

बैल घ्यायचा असला तर मी त्याचे दात पाहतो. गूळ घ्यायचा असला तर ढेपेचा खडा तोंडात टाकतो, आणि माठ घ्यायचा असला तर बोटाने वाजवून पाहतो. पारख करण्याच्या या तीन रीतींवर माझी सत्तरी सुखाने पार पडली. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेचक्यातल्या आमच्या राहू बेटात चौथ्या रीतीची गरज पडेल, असे मला कधी वाटले नव्हते. पण गेल्या वर्षी अशी एक पेटी घेण्याचा प्रसंग आला, की जिला दात नाहीत, चव नाही, आणि वाजवून पाहिली तर दुकानदार रागावतो.

या पेटीला ‘नॅस’ म्हणतात. घरातल्या राऊटरला ती वायरने जोडायची. मग घरातला प्रत्येक फोन आपले फोटो तिच्या पोटात नेऊन ठेवतो, आणि टीव्ही तिच्यातले सिनेमे काढून दाखवतो. जुन्या वाड्याच्या भिंतीत धान्याचे बळद असे ना, तशातलाच प्रकार. फक्त यात धान्याऐवजी आठवणी भरायच्या.

आता मला म्हाताऱ्याला हे बळद कशाला हवे होते, ते सांगायला हवे. सांगताना थोडी लाज वाटते.

१९९४ साली मी माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतल्या होत्या. दळण तेव्हा गिरणीतच जाई, पण दिवाळीच्या डाळी आई घरीच भरडायची. तासातासाच्या सहा कॅसेटी झाल्या. पुढे आई गेली. मग कुणीतरी त्या कॅसेटी संगणकावर घेऊन एका छोट्या हार्ड डिस्कवर भरून दिल्या, आणि मी निश्चिंत झालो. इतका निश्चिंत झालो, की कॅसेटींचे खोके माळ्यावरून भंगारात गेले तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीची झाडलोट करताना ती डिस्क माझ्याच हातून फरशीवर पडली. जोडली तर आतून नुसती टकटक ऐकू येई. पुण्याच्या एका कारागिराने ती उघडून पाहिली आणि मान हलवली. सहा तासांचा आवाज माझ्या हातून सांडला होता.

भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात माझी थोरली बहीण असते. कैक वर्षांपूर्वी तिने हट्ट करून एका कॅसेटीची प्रत करून घेतली होती. ती तेवढी राहिली. सहातली एक.

पुण्यात इंजिनियरिंग शिकणारी नात सुट्टीला आली तेव्हा मी तिला म्हणालो, “बाळा, आता मला अशी पेटी घेऊन दे, की पुन्हा काही जायला नको.” मी जाहिराती वाचून ठेवल्याच होत्या. दोन डिस्कांची पेटी घ्यायची. एकीवर जे लिहावे ते आपोआप दुसरीवरही उमटते. एक मेली तरी दुसरी आहे. झाले काम!

नात हसली. “आबा, तो आरसा आहे. तुम्ही कपाळाचा टिळा पुसलात, की आरशातलाही पुसला जातो.”

मी गप्प झालो. तिने मग ओसरीवर बसून मला धडा दिला. चुकून एखादी फाईल पुसली, तर ती दोन्ही डिस्कांवरून एकदमच जाते. चोराने पेटी उचलली, तर आरशासकट उचलतो. आरशाचा उपयोग एवढाच, की एक डिस्क बिघडली तरी काम अडत नाही. बॅकअप म्हणजे निराळी गोष्ट. एकूण तीन प्रती, दोन तऱ्हेच्या जागी, आणि त्यांतली एक घराबाहेर. असा जाणत्या लोकांचा ठोकताळा आहे.

मग आम्ही हिशेब मांडला. घरातले सगळे फोटो आणि लग्नांच्या चित्रफिती मिळून एक टीबीच्या आतच होत्या; तेव्हा चार टीबीची डिस्क पुष्कळ झाली. ती मात्र रात्रंदिवस चालण्यासाठी बनवलेली हवी, हे नातीने बजावले. आवाजाला तर जागा लागतच नाही. सहा कॅसेटींचा ऐवज उत्तम प्रतीत ठेवला असता, तरी चार जीबीत मावला असता. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि पन्नास लाख अक्षरे मावत. त्या अजस्र कपाटात आईची एक ओवी जेमतेम बसली असती!

आमच्या सौ.ची मागणी वेगळी होती. तिला टीव्हीवर जुने सिनेमे आणि कीर्तने विनाअडथळा पाहायची होती. सिनेमाची फाईल टीव्हीला जशीच्या तशी समजत असेल, तर पेटीला ती नुसती वाढायची असते. समजत नसेल, तर पेटीला चालता चालता तिचे भाषांतर करावे लागते, आणि त्यासाठी तगडा, महागडा प्रोसेसर लागतो. आमच्या टीव्हीला बहुतेक फाईली समजतात, असे तपासून पाहिल्यावर निघाले. तेवढे पैसे वाचले. त्यांतले काही यूपीएसवर घातले, कारण आमच्याकडे वीज सांगून जात नाही. वीज गेली, की यूपीएस पेटीला इशारा देतो आणि पेटी आपली आवराआवर करून मगच मिटते.

या सगळ्या खटाटोपात माझे मन मात्र नद्यांकडे जात होते. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे आमच्या बेटाकडे येते. त्या इंद्रायणीत तुकोबांच्या वह्या बुडवल्या गेल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असे भाविक सांगतात. आणि संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले होते, असेही परंपरा सांगते. चमत्काराला माझा नमस्कार आहेच. पण हल्ली माझे मन त्या लिहून घेणाऱ्यापाशी अधिक रेंगाळते. दुसऱ्या अंगाने येते ती मुळा-मुठा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि पुण्याच्या कितीतरी घरांतली कागदपत्रे पाण्याबरोबर गेली. एकच प्रत एकाच घरी ठेवू नये, हे दोन्ही नद्या सांगत होत्या. दोहोंच्या मध्ये जन्म काढलेल्या मला मात्र ते कळायला डिस्क पडावी लागली.

पुण्यात गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांच्या लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्या. त्यांतल्या कितीतरी आज घरबसल्या वाचता-ऐकता येतात. परक्यांनी एवढे केले. मला माझी एक आई सांभाळता आली नाही.

शेवटी आम्ही एका मोठ्या पेटीऐवजी दोन लहान पेट्या घेतल्या. एक आमच्याकडे, दुसरी अक्काकडे. पहिली भरणी दोन्ही पेट्या आमच्याच घरी शेजारी ठेवून केली. मग दुसरी पेटी उशीत गुंडाळून, मोटारसायकलवरून मुलगा भीमेपलीकडे घेऊन गेला. आता रोज रात्री फक्त नवे तेवढे तारेतून तिकडे जाते, आणि पुसलेल्या गोष्टीही तिकडे काही दिवस राखून ठेवल्या जातात. तिसरी प्रत एका सुट्या डिस्कवर आहे. ती एरवी कुठेच न जोडता कपाटात असते. अगदी खालच्या कप्प्यात!

अक्काला फोनवर हे समजावताना माझी फार धांदल उडाली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे आई माझ्याकडं राहायला येणार, असंच ना?”

लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा आईचा जुना नेम होता. अक्काच्या लग्नानंतर आई तिच्याकडे कितीदा गेली, पण दिवेलागणीला परत फिरली नाही असे कधी झाले नाही.

“हो,” मी म्हणालो, “आता कायमची.”

नातीची एक अट राहिली होती. परत आणून पाहिल्याशिवाय बॅकअपला बॅकअप म्हणायचे नाही. म्हणून वसुबारसेच्या संध्याकाळी तिने आमची पेटी बंद केली आणि अक्काच्या पेटीतून ती एक फाईल मागवली. टीव्हीतून आधी जात्याची घरघर आली. मग आईचा आवाज. सौ. बेसनाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. तास संपत आला तेव्हा आई खोकली आणि म्हणाली, “आता पुरं कर. डाळ सरली.”

बाकीचे पाच तास कुठल्याच पेटीत नाहीत. हा तास मात्र आता तीन ठिकाणी आहे.